पहिल्या घराची करसवलत आणि आपल्या वाडीचा सातबारा

मे महिन्यात वेळणेश्वर आणि आसपासच्या वाड्यांमधली बंद घरे उघडतात. मुंबईकर गावी येतात. लग्ने, बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, गावशाखा आणि मुंबई शाखा यांची एकत्र बैठक, सगळे याच दिवसांत उरकले जाते. अशाच एका बैठकीनंतर विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. मुंबईत खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने मोबाईल पुढे केला. बदलापूरकडच्या कुठल्याशा इमारतीची जाहिरात होती. पहिले घर घेणाऱ्याला साडेतीन लाखांचा कर फायदा, असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

“ताई, साडेतीन लाख परत मिळतात काय? तसं असेल तर मी डिपॉझिटची जुळवाजुळव करतो.”

मी नाही म्हटले. का नाही, हे सांगायला मात्र तासभर लागला. त्या तासाभरात आणखी दहाबारा जण गोळा झाले आणि प्रत्येकाच्या प्रश्नातून एकच गोष्ट पुढे येत गेली. पहिल्या घरासाठी सरकार देत असलेली मदत ज्या वाटेने येते, त्या वाटेवर आपली वाडी लागतच नाही. हा लेख त्या चर्चेतून लिहिला आहे. घर घेण्याच्या विचारात असलेल्या तरुणांनी तो हिशेब म्हणून वाचावा. कार्यकर्त्यांनी मात्र तो मागणीचा मसुदा समजावा.

वजावट म्हणजे रोख मदत नव्हे

आधी शब्दांचा घोळ दूर करू. काही देशांत पहिले घर घेणाऱ्याला कराच्या रकमेतूनच थेट सूट देतात. म्हणजे एक लाख कर बसला आणि पन्नास हजारांची सूट असेल, तर पन्नास हजारच भरायचे. भारतात तशी सूट नाही. इथे आहे ती वजावट. गृहकर्जाच्या व्याजाची ठराविक रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. त्यामुळे साडेतीन लाखांची वजावट म्हणजे हातात साडेतीन लाख नव्हेत. तुमच्या कराचा दर जेवढा, तेवढाच त्यातला फायदा. दर शून्य असेल तर फायदाही शून्य.

स्वतः राहत्या घराच्या गृहकर्जावरील व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट कलम २४(ब) मध्ये आहे. ती पहिल्या घरापुरती मर्यादित नाही. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क कलम ८०सी च्या दीड लाखांत बसते. पण त्याच दीड लाखांत भविष्य निर्वाह निधी, विमा आणि मुलांची शाळेची फीसुद्धा येते.

पहिल्या घरासाठी म्हणून वेगळी वजावट तीनदा आली. २०१३ च्या अर्थसंकल्पात ८०ईई हे कलम आणून एक लाखाची जादा वजावट दिली. २०१६ मध्ये तेच कलम नव्या रूपात आले, वर्षाला पन्नास हजारांचे. अट अशी की कर्ज ३५ लाखांपर्यंत, घर ५० लाखांपर्यंत आणि कर्जमंजुरी १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७ या काळातली हवी. २०१९ मध्ये ८०ईईए आले. घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांपर्यंत असेल तर दीड लाखांची जादा वजावट. दोन लाख आणि दीड लाख मिळून साडेतीन लाख. जाहिरातीतला आकडा तिथून आला आहे.

पण ८०ईईए ची खिडकी ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. त्या तारखेनंतर मंजूर झालेल्या कर्जाला ही वजावट लागू नाही. ज्यांचे कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झाले आहे, त्यांना कर्ज फिटेपर्यंत ती घेता येते, तीही जुनी करपद्धत निवडली तरच. आज नवे कर्ज काढणाऱ्या मुलाला तो आकडा दाखवणे ही फसवणूक आहे.

एक हिशेब, तीन माणसे

८०ईईए चालू असतानाचा हिशेब करून पाहू. वर्षाला साडेतीन लाख व्याज जाते, म्हणजे कर्ज साधारण चाळीस लाखांच्या घरात आहे, असे धरू. करपद्धत जुनी.

पहिल्या माणसाचे करपात्र उत्पन्न १५ लाख. त्याच्या वरच्या उत्पन्नाला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. साडेतीन लाखांच्या वजावटीने त्याचे वर्षाला १ लाख ९ हजार २०० रुपये वाचतात.

दुसऱ्याचे करपात्र उत्पन्न १० लाख. त्याचा दर २० टक्के. त्याचे ७२ हजार ८०० रुपये वाचतात.

तिसऱ्याचे करपात्र उत्पन्न ५ लाख. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत करमाफी असल्याने त्याला मुळात करच नाही. त्याचे वाचतात शून्य रुपये. शिवाय एवढ्या पगारावर बँक त्याला चाळीस लाख देणारही नाही.

आता याच्या शेजारी रमाई आवास योजना ठेवू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य सरकारने २००८ मध्ये ती सुरू केली. ग्रामीण घरकुलाचे अनुदान पंतप्रधान आवास योजनेच्या धर्तीवर साधारण भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार आहे. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. पंतप्रधान आवासच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची वाढही जाहीर केली.

म्हणजे पंधरा लाख कमावणाऱ्याला एका वर्षात करातून जेवढे सुटते, जवळपास तेवढ्यात वाडीतल्या कुटुंबाने आयुष्याचे घर उभे करायचे. पहिल्याची सवलत पुढच्या वर्षी पुन्हा मिळते. दुसऱ्याला अनुदान एकदाच. पहिल्याच्या सवलतीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत नाही, तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत नाही, अभियंता येऊन जोत्याचा फोटो काढत नाही. दुसऱ्याला हे सगळे करावे लागते आणि वर ‘फुकट घर घेणारा’ हा शिक्काही तोच सोसतो. समाजशास्त्र शिकताना कल्याणकारी राज्याची एक दिसणारी आणि एक न दिसणारी बाजू असते, असे शिकवले होते. घरांच्या बाबतीत न दिसणारी बाजू म्हणजे करसवलत.

नवी करपद्धत आणि दुसरे घर

२०२३-२४ पासून नवी करपद्धत मूळ पद्धत झाली. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी नाही, ८०ईईए सुद्धा नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कर शून्य, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. जुन्या क्रमांकांवर बेतलेल्या जाहिराती वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

बारा लाखांपर्यंत कर नाही, हे चांगलेच आहे. पण याचा घराच्या दृष्टीने अर्थ काय? आपल्या समाजातला नोकरदार तरुण बहुतेक करून या मर्यादेच्या आत आहे. त्याने घर घेतले काय आणि न घेतले काय, कराच्या खात्यात फरक शून्य. त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घर घेण्याचे कारणच त्याच्यापुरते संपले आहे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ या वर्षात सुमारे ७.४० कोटी लोकांनी विवरणपत्रे भरली आणि त्यांतल्या सुमारे ५.१६ कोटी लोकांचा देय कर शून्य होता. बारा लाखांची मर्यादा येण्याआधीची ही गोष्ट. विवरणपत्र न भरणारा शेतमजूर, मच्छी विकणारी बाई, आंबा-काजूच्या हंगामावर जगणारे कुटुंब या मोजणीतही नाही. करातून येणारी मदत किती थोड्या लोकांसाठी असते, हे यावरून कळते.

नव्या पद्धतीतली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. स्वतः राहत्या घराचे व्याज वजा होत नाही, पण भाड्याने दिलेल्या घराचे व्याज त्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. तसेच एका माणसाची दोन घरे ‘स्वतःच्या वापराची’ म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. २०१९ मध्ये ही मुभा एकावरून दोन घरांपर्यंत नेली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरच्या अटीही सैल केल्या. म्हणजे कायदा दुसऱ्या घराकडे समजुतीने पाहतो आणि पहिल्या घरासाठी वेगळे असे काही ठेवत नाही.

हे वेळणेश्वरमध्ये बसून वाचले की जास्त बोचते. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर या किनाऱ्यावर ‘सेकंड होम’च्या पाट्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. वर्षातून पंधरा दिवस उघडणारे समुद्राजवळचे घर हे कोणाचे तरी दुसरे घर असते. त्या ग्राहकाच्या खिशावर गुंठ्याचा भाव ठरतो. मग त्याच गावात पहिले घर बांधू पाहणाऱ्याला जमीन परवडत नाही. भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. ती ५० हजारांवरून १ लाख झाली. किनारी गावात त्या पैशात जागा शोधून दाखवा, असे आव्हान कोणत्याही अधिकाऱ्याला द्यायला हरकत नाही.

तीन दारे

करसवलत घेण्यासाठी तीन दारे ओलांडावी लागतात. करपात्र उत्पन्न, बँकेचे कर्ज आणि निर्वेध कागद. पहिल्याबद्दल बोललो. दुसरे आणि तिसरे दार एकमेकांना जोडलेले आहे, कारण कागद असल्याशिवाय बँक उभी करत नाही.

मुंबईत आपल्या कितीतरी कुटुंबांची पहिली मालकीची खोली नोटरीच्या कागदावर घेतलेली असते. बांधकामाला परवानगी नाही, नोंदणीकृत करार नाही. बँक गृहकर्ज देत नाही, म्हणून पतपेढीचे कर्ज, भिशी, आईचे मंगळसूत्र आणि गावाकडच्या काकांकडून उसने असे करून पैसे उभे होतात. व्याज बँकेपेक्षा जास्त आणि करात दाखवायला कागद काहीच नाही. घराची सर्वात महाग वाट चालणाऱ्याला सरकारी मदत सर्वात कमी, असा हा उलटा न्याय आहे.

गावात कागदाची गोष्ट आणखी जुनी आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोताची सत्ता होती. कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, हीच इथली रीत. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या पुढाकाराने कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. महार वतन संपवणारा कायदा १९५८ चा. पण वतनाच्या जमिनी परत मिळाल्या त्या बहुतांशी नवीन शर्तीवर, म्हणजे भोगवटादार वर्ग २. विकायला, हस्तांतर करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशा जमिनीवर गृहकर्ज द्यायला बँक कचरते.

त्यात बौद्धवाडी अनेकदा गावठाणाच्या हद्दीबाहेर आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून घराच्या मालमत्ता पत्रकाचे वाटप सुरू झाले, पण ती योजना गावठाणासाठी. हद्दीबाहेरच्या वाडीला पत्रक कुठून मिळणार? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती जपून ठेवतात. “घरपट्टी आमच्या नावावर आहे, म्हणजे घर आमचंच की,” असे म्हातारी माणसे सांगतात. पण नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, जमिनीच्या मालकीचा नव्हे. बँकेत गेल्यावर हे कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

‘पहिले’ घर कायद्याने कोणते?

विहाराच्या ओट्यावरची चर्चा इथे येऊन सर्वात जास्त रंगली. त्या तरुणाचे वडील चार वर्षांपूर्वी वारले. वारस नोंद झाली आणि गावच्या घर-जमिनीवर आई, तीन भाऊ, दोन बहिणी, चुलते आणि चुलत भावंडे अशी नावांची रांग लागली. त्यात याचेही नाव आहे. त्याच्या वाट्याला पडवीचा एक कोपरा येईल की नाही, सांगता येत नाही. तो जन्मापासून मुंबईत भाड्याच्या खोलीत राहिला आहे.

आता नियम पाहा. ८०ईईए ची अट अशी होती की कर्ज मंजूर होण्याच्या तारखेला त्या व्यक्तीच्या मालकीचे कोणतेही निवासी घर नसावे. प्रधानमंत्री आवास योजनेत अट अशी की लाभार्थी कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्के घर नसावे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. वारसाने आलेला अविभाजित हिस्सा म्हणजे ‘घर असणे’ का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. चिऱ्याच्या भिंती आणि कौलांचे छप्पर असेल तर घर पक्के ठरू शकते. कागद तपासणाऱ्याला कोपरा दिसत नाही, नाव दिसते. भीतीने माणूस एक तर अर्जच करत नाही, किंवा गावचा हक्क सोडून द्यायला तयार होतो. मुंबईच्या खोलीसाठी गावचे नाव कमी करून घेतलेल्या मुलांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. ज्या मातीवरचा हक्क मिळवायला आजोबांची उमर गेली, तो नातू एका सहीने सोडतो. हे नुकसान कोणत्याही सवलतीने भरून निघणारे नाही.

अमेरिकेने २००८ च्या मंदीत पहिले घर घेणाऱ्यांसाठी करसूट आणली तेव्हा ‘पहिले घर’ याची व्याख्या वेगळी केली होती. मागच्या तीन वर्षांत ज्याच्या मालकीचे मुख्य राहते घर नव्हते, तो पहिले घर घेणारा. म्हणजे प्रश्न ‘तू राहतोस ते घर तुझे आहे का’ हा होता. ‘तुझे नाव जगात कुठे आहे का’ हा नव्हता. त्या व्याख्येत आमचा तरुण नक्की बसला असता.

त्याच योजनेतून आणखी एक गोष्ट शिकता येते. २००८ ची सूट साडेसात हजार डॉलरपर्यंत होती, पण ती पंधरा वर्षांत परत फेडायची होती, म्हणजे बिनव्याजी कर्जच. २००९ मध्ये ती आठ हजार डॉलर झाली, तीन वर्षे घरात राहिल्यास परतफेड नाही. महत्त्वाचे म्हणजे देय कर त्याहून कमी असला तरी उरलेली रक्कम सरकार रोख देत होते. कमी कमावणाऱ्याला तिचा उपयोग झाला तो यामुळे. ती योजनाही बँकेच्या कर्जावर आणि बाजारावर उभी होती आणि २०१० मध्ये ती संपवली गेली. ब्रिटनमध्ये गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत अनेक वर्षे चालली आणि २००० साली बंद झाली. व्याजावरची सवलत कायमची हवी, असे जगात सगळीकडे मानत नाहीत. ती कोणाला पोचते, हे तपासून बदलता येते.

आपल्यातल्या करदात्यांचे काय?

एक आक्षेप येईल. आपल्या समाजातही रेल्वे, महापालिका, बँका, शाळा यांत काम करणारे करदाते आहेत. त्यांनी जुन्या सवलती घेऊनच कल्याण-डोंबिवलीला घरे केली. मग टीका कशाला?

त्यांनी घेतली ते योग्यच केले. कायद्याने दिलेली वजावट घेण्यात गैर काही नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून बाहेर पडलेली ती पिढी आपल्या शिक्षणाचा पाया आहे. माझे स्वतःचे शिक्षण अशाच एका आत्याच्या घरी राहून झाले. प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. कायमची सरकारी नोकरी कमी होत चालली. कंत्राटी कामगार, डिलिव्हरी करणारा मुलगा, खासगी रुग्णालयातली परिचारिका यांच्याकडे पगाराची पावतीच धड नसते. ज्या शिडीने मागची पिढी वर गेली, ती शिडी त्यांच्यासाठी लावलेलीच नाही.

आणि मधली पोकळी विसरून चालणार नाही. ग्रामीण पंतप्रधान आवासच्या निकषात महिन्याला पंधरा हजारांपेक्षा जास्त कमावणारा सदस्य असेल तर कुटुंब बाद होते. वीस-बावीस हजार कमावणारा घरकुलाला ‘श्रीमंत’ आणि करसवलतीला ‘गरीब’ ठरतो. आपल्यातले फार मोठे तरुण मंडळ याच पोकळीत आहे.

शहरात या पोकळीसाठी सध्या एकच ठळक योजना आहे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी आवास योजना २.० मधले व्याज अनुदान. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के अनुदान, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात. इथे कर भरत असण्याची अट नाही, म्हणून वजावटीपेक्षा ती न्याय्य आहे. पण पस्तीस लाखांत मुंबईजवळ कायदेशीर घर मिळायला हवे आणि बँकेने कर्ज द्यायला हवे, ही दोन दारे तशीच राहतात.

घर घेणाऱ्याने काय पाहावे

पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल, तर कर वाचवण्यासाठी म्हणून घर घेऊ नका. घर हवे असेल तर हप्ता झेपतो का, एवढेच पाहा. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असणे हे एक सुख आहे. हप्त्याच्या ओझ्याखाली वीस वर्षे वाकण्याआधी ते आठवावे.

उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर दोन्ही पद्धतींनी कर काढून बघा. फक्त पगार असणाऱ्याला दरवर्षी विवरणपत्र मुदतीत भरताना पद्धत बदलता येते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर लक्षात ठेवा, कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही तर दोन लाखांची वजावट तीस हजारांवर येते.

गावचे घर पतपेढीच्या कर्जातून बांधले असेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीत कर भरत असाल, तर व्याजाची वजावट तिथेही मिळू शकते. व्याजाचा दाखला आणि पैसा घरालाच लागल्याचे पुरावे ठेवा. ८०सी मधल्या मुद्दलाच्या वजावटीसाठी मात्र कर्ज कायद्यात सांगितलेल्या संस्थांचेच लागते.

घर बाईच्या नावावर करा, असे मी नेहमी सांगते. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून खरेदी फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण घर पत्नीच्या एकटीच्या नावे आणि हप्ता नवरा भरतो, तर नवऱ्याला व्याजाची वजावट मिळत नाही, कारण ती मालकाला असते. करात सूट हवी म्हणून नवऱ्याचे नाव घाला, असा सल्ला मग मिळतो. आधी हिशेब करा. नवऱ्याला करच नसेल तर तो सल्ला निरर्थक आहे.

आणि सवलतीसाठी गावच्या सातबाऱ्यावरचे नाव सोडू नका. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी शाखेतल्या जाणत्या माणसांना, वकिलांना दाखवा.

शाखांनी आणि संघटनांनी काय मागावे

पहिली मागणी व्याख्येची. राहते मालकीचे घर नसलेला तो ‘पहिले घर घेणारा’, असे प्रत्येक योजनेत स्पष्ट लिहावे. वारसाने आलेला अविभाजित हिस्सा अपात्रतेचे कारण ठरू नये.

दुसरी मागणी कागदाची. गावठाणाबाहेरच्या वाड्यांची मोजणी करून कुटुंबांना घराखालच्या जागेचा कागद द्यावा. घरकुलासाठी सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राची अट कोकणात माणसे रडकुंडीला आणते, कारण एक सही मुंबईत, दुसरी सुरतेत आणि तिसरा हिस्सेदार कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते. त्यावर तहसील पातळीवर चौकशी करून मार्ग काढण्याची सोय हवी.

तिसरी मागणी पैशाची. पहिल्या घरासाठीची मदत उत्पन्नाच्या वजावटीतून न देता ठराविक रकमेच्या रूपात द्यावी. पंधरा लाखवाल्याला आणि तीन लाखवाल्याला निदान सारखी. घरकुलाचे अनुदान चिऱ्याचा भाव, गाडीभाडे आणि गवंड्याची मजुरी पाहून दरवर्षी ठरवावे.

चौथे काम आपले. प्रत्येक शाखेने पावसाळ्यात, वर्षावासाच्या काळात, एक रविवार कागदांसाठी द्यावा. कोणाचा सातबारा कोणाच्या नावावर, कोणाची वारस नोंद राहिली, कोणाची जमीन वर्ग २ ची, एवढी यादी जरी केली तरी पुढच्या मागणीला बळ येते. मुंबई शाखेतल्या बँकेत, महसुलात काम करणाऱ्यांनी त्या दिवशी गावी यावे.

त्या तरुणाने अजून घर घेतलेले नाही. त्याने बदलापूरचे डिपॉझिट थांबवले आणि जूनमध्ये सुट्टी काढून तलाठी कार्यालयात गेला. फेरफाराची नक्कल काढली, तेव्हा कळले की त्याच्या दोन आत्यांची नावे लागलेलीच नाहीत. आता त्या नोंदीचा अर्ज केला आहे. नावे वाढतील, वाटा आणखी लहान होईल. त्यावर तो म्हणाला, “ताई, असू दे. आधी कागद खरा होऊ दे.”

जयभीम.